दोन सीटांची, सात सीटांची

"कपाटाशेजारी कुणी चप्पल काढून ठेवावी तसं दिसतंय," बाबा म्हणाले.

कपाट म्हणजे त्यांच्या मुलीची, डिकीची, मिनीव्हॅन आणि चप्पल म्हणजे त्यांची स्वतःची उघड्या टपाची, दोन सीटांची जुनी गाडी. दोन्ही अंगणात शेजारीशेजारी उभ्या होत्या. व्हॅनची सावली त्या छोट्या गाडीवर पडून, तिला पुरून वर भिंतीवरही चढली होती. बाबा ओल्या फडक्यानं चपलेचा पुढचा दिवा पुसत होते. दिवा आधीच लख्ख होता.

"बाबा, गाडी धुवायला जमलोय का आपण? आईला घेऊन निघायचंय."

"निघू की. ते निवास काय पळून जातंय?"

वृद्धांचं ते निवास पळून जाणार नव्हतं, पण तिथली खोली जाणार होती. आज दुपारपर्यंत आई तिथे पोचली नाही तर ती दुसऱ्या कुणाला देऊ, असं तिथल्या बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. रांगेत पुष्कळ लोक होते. बाबांना हे माहीत होतं. म्हणून तर ते दिवा पुसत होते.

डिकी हे नाव तिला आईनं दिलं. लहानपणी ती त्या गाडीत दोन सीटांच्या मागच्या अरुंद फळीवर, जिथे खरं तर बॅग ठेवायची असते, तिथे बसायची. "आम्ही दोघं पुढं, सामान मागं," असं आई ओळखीच्यांना सांगायची आणि सामान खुदकन हसायचं. मग सामानाचे पाय लांब झाले, फळीत मावेनात. तेव्हापासून रविवारी सकाळी तिला मावशीच्या दारात उतरवून आईबाबा पुढे जाऊ लागले. फळी सुटली, नाव चिकटलं ते चिकटलंच. आता तिनं चाळिशी ओलांडली होती, तिला दोन मुलं होती, वजनकाटे तपासायच्या प्रयोगशाळेत तिच्या सहीशिवाय एकही काटा बाहेर पडत नव्हता, तरी बाबांचा फोन "डिकी, ऐकतेस ना?" इथूनच सुरू व्हायचा.

ते दोघं रविवारी कुठे जायचे, तर शर्यतीला. जोरात पळायची शर्यत नव्हे. ठरवलेल्या रस्त्यानं, ठरवलेल्या वेगानं जाऊन ठरवलेल्या वेळेला पोचायचं. उशीर झाला की गुण कापायचे, आणि आधी पोचलं तरीही कापायचे. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. आई पाणीपुरवठा खात्यात नळांचे नकाशे काढायची; गावातल्या प्रत्येक गल्लीखालून काय वाहतं हे तिला ठाऊक होतं. एकाला वेळ कळायची, दुसरीला वाट. त्यांच्यात एक नियम होता आणि तो लग्नाच्या आधीपासूनचा होता: वाट सांगणारीनं वेग विचारायचा नाही आणि चालवणाऱ्यानं वाट विचारायची नाही. तिनं सांगितलं की वळायचं. तिथे नदी का असेना.

उघड्या गाडीत वाऱ्यामुळे बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून आई हातानं सांगायची. हात डोक्याच्या वर. बोटं डावीकडे कलली की डावं, उजवीकडे कलली की उजवं, मूठ म्हणजे थांब. बाबांना मान वळवावी लागत नसे. डोळ्याच्या कोपऱ्यातून तो हात दिसायचा, तेवढा पुरायचा. डिकीला कुणी तिच्या बालपणाचं चित्र काढायला सांगितलं असतं तर तिनं मागून दिसणारी दोन डोकी काढली असती आणि त्यातल्या एकावर उभा राहिलेला हात. चेहरे काढता आले नसते. चेहरे पुढे असायचे.

व्हॅन घेतली तेव्हा नवरा म्हणाला होता, "आपण माणसं चार. सात सीटा. उरलेल्या तीन भाड्यानं द्यायच्यात का?"

"असू देत. कुणी मागं राहायला नको," ती म्हणाली होती आणि विषय बदलला होता.

गाडी निवडताना ती दुकानात मापाची पट्टी घेऊन गेली होती. विक्रेता इंजिनाबद्दल बोलत राहिला आणि ती जमिनीपासून सीटची उंची मोजत राहिली. सीट कमरेच्या बरोबरीची हवी. उंच असली तर आजारी माणसाला चढावं लागतं, ठेंगणी असली तर पडावं लागतं. बरोबरीची असली की नुसतं टेकायचं आणि पाय आत घ्यायचे. सरकता दरवाजा हवा, म्हणजे माणसाला दाराला वळसा घालावा लागत नाही. मागे चाकांची खुर्ची घडी न करता राहायला हवी. या सगळ्यात ही व्हॅन पहिली आली. बाबांच्या गाडीत यातलं काहीच नव्हतं. तिची सीट रस्त्यापासून वीतभर वर, दार टीचभर, टप लावला की तो पावसात एका ठरावीक जागी गळायचा आणि ती जागा म्हणजे आईचा गुडघा. हीटर होता, पण तो फक्त उन्हाळ्यात चालतो अशी आईची तक्रार होती. तरी आई तिच्यात बसताना इतक्या वर्षांत कधी अडखळली नव्हती. आधी पाठ करायची, मग पाण्यात उडी मारावी तशी अंग सोडून द्यायची.

आईच्या डोक्यातून आधी नावं गेली. मग कुठल्या भांड्यात काय शिजवायचं ते गेलं. मग डिकी गेली. आई तिला "अहो बाई" म्हणू लागली, आणि फार आदरानं. स्वतःच्या घरात तिला न्हाणीघर सापडेना. पण बाबांनी तिला गाडीत बसवलं की हात वर जायचा आणि डावं-उजवं सुरू. डिकीला याचं नवल वाटायचं. तिनं दोनतीनदा मुद्दाम मागून जाऊन पाहिलं होतं. आई चुकत नव्हती. चुकत होतं ते गाव. आईच्या डोक्यातला नकाशा तिनं स्वतः काढलेला होता आणि त्यानंतर गावानं पुष्कळ रस्ते बदलले होते.

मागल्या हिवाळ्यात ती दोघं बाजारपेठेतून जात असताना आईनं उजवीकडे हात कलवला आणि बाबा वळले. तिथे पूर्वी रस्ता होता. आता पायऱ्या होत्या. गाडी पहिल्या तीन पायऱ्या उतरून नाक खाली घालून अडकली. आईचं मनगट मोडलं.

दवाखान्यात डिकीनं विचारलं, "बाबा, पायऱ्या दिसल्या नाहीत तुम्हाला?"

"दिसल्या."

"मग?"

"ती उजवं म्हणाली."

ते अगदी सरळ बोलले. दुसऱ्या कुठल्या माणसाच्या हातून ही चूक झाली नसती. दृष्टी चांगली, ब्रेक चांगले, डोकं ताळ्यावर, आणि तरीही.

त्यानंतर डिकीनं आईला आपल्या घरी नेऊन पाहिलं. आई दोनदा भर रस्त्यात जाऊन उभी राहिली. परत आणलं. मग एका सकाळी आई न्हाणीघरात पडली आणि बाबांना तिला उचलता येईना. त्यांनी तिच्या डोक्याखाली उशी दिली, अंगावर चादर घातली आणि डिकी येईपर्यंत ओल्या फरशीवर तिच्या शेजारी बसून राहिले. डिकी आली तेव्हा दोघंही गारठली होती. त्या दिवशी बाबा भिंतीकडे बघत म्हणाले, "बघ कुठं काही मिळतंय का तिच्यासाठी."

तर आता ते मिळालं होतं.

डिकीनं आईची बॅग व्हॅनमध्ये ठेवली, चाकांची खुर्ची ठेवली, आणि आईला हाताला धरून बाहेर आणलं. आईनं निळा स्वेटर घातला होता, केस नीट बांधले होते. बाबांनी बांधले होते. भांग घड्याळाच्या काट्यासारखा सरळ होता. व्हॅनचं दार आपोआप सरकलं तशी आई दचकली.

"कुणी उघडलं?"

"आपोआप उघडतं, आई. बस. नुसतं टेकायचं."

आई टेकली. सीट खरंच बरोबर कमरेच्या उंचीला होती. पाय आत आले, पट्टा लागला, कुठे काही अडलं नाही. डिकीला वाटलं, जमलं. बाबा पलीकडून चढले आणि आईच्या शेजारी बसले. बसल्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"कप ठेवायला एवढे खड्डे? एक माणूस प्रवासात किती चहा पितो गं?"

"मुलं असतात हो बाबा बरोबर."

"मग चहा मुलं पितात?"

आई हसली. ती हसली म्हणून डिकीही हसली आणि तेवढ्यात तिनं गाडी सुरू केली. समोरचा पडदा उजळला आणि त्यातली बाई गोड आवाजात म्हणाली, "पुढे डावीकडे वळा."

आईचं हसू थांबलं. "ही कोण?"

"कुणी नाही, आई. मशीन आहे."

"हिला कुणी बसवलं?"

"अगं, मशीन आहे ते," बाबाही म्हणाले.

"डावीकडे वळा," बाई पुन्हा म्हणाली.

"मी आहे ना इथं!" आई ओरडली. "मला न विचारता हिला आणलीत! माझं काही चुकलं का? सांगा ना, कुठं चुकलं माझं?" ती बाबांचं मनगट धरून हलवू लागली. डिकीनं घाईघाईनं आवाज बंद केला, पडदाही बंद केला, पण आईनं पट्टा ओढायला घेतला होता. तो सुटेना तसं तिला रडू आलं. शेवटी बाबांनी खटका दाबला आणि आई खाली उतरली ती थेट चपलेपाशी गेली. पाठ केली, अंग सोडून दिलं, आणि आत जाऊन बसली. पदरानं डोळे पुसले. मग समोर बघत, कामावर हजर झालेल्या माणसासारखी, गप्प राहिली.

बाबा आणि डिकी व्हॅनमधून उतरले.

"ती यातूनच येईल," बाबा म्हणाले.

"दिसतंय ते."

"तू सामान घेऊन मागनं ये."

डिकीच्या मनात आलं, की सामान सामानाला घेऊन येईल. ती म्हणाली, "बाबा, एक गोष्ट कबूल करा. तिनं हात केला म्हणून वळायचं नाही. रस्ता तुम्हाला माहितीये."

बाबांनी फडक्याची घडी केली. "मी वळणार नसलो तर ती कशाला बसलीय तिथं?"

"बाबा."

"ऐकलं गं."

"तिला सांगितलंत, कुठं चाललोय ते?"

"शर्यतीला चाललोय म्हणालो."

त्यांनी हे डिकीकडे न बघता सांगितलं. मग वाकून, एक हात दारावर आणि एक टपाच्या कडेवर ठेवून, ते हळूहळू सीटमध्ये उतरले. या वयात त्यांना ते किती जड जात होतं हे डिकीला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं.

व्हॅनमधून ती छोटी गाडी फार खाली दिसत होती. डिकी बसली होती उंचावर, काचा बंद, आत ऊब, रस्त्याचा आवाज जवळजवळ नाहीच. समोर खाली दोन पांढरी डोकी वाऱ्यात उघडी. बाबांचे उडणारे केस, आईचा सैल होत चाललेला अंबाडा. गल्लीच्या तोंडाशी आईचा हात वर गेला. डावं. बाबा डावीकडे वळले. रस्ता तोच होता. मोठ्या दवाखान्याशी उजवं. तेही बरोबर. पुलाच्या अलीकडे आईनं मूठ दाखवली आणि बाबा थांबले. सिग्नल लाल होता. आईची वाट आणि त्यांची वाट अजून एकच होती. असंच पुढे जाऊ दे, असं ती मनात म्हणत राहिली. अजून एकदा, अजून एकदा.

फळीवर बसणारी पोरगी आता त्यांच्या मागे केवढ्या मोठ्या गाडीत होती, तरी अंतर तेवढंच वाटत होतं. पुढचं बोलणं आताही ऐकू येत नव्हतं. मध्येच बाबा काहीतरी म्हणाले आणि आईनं त्यांच्या दंडावर चापट मारली. काय म्हणाले असतील? त्यांची चेष्टा अजून कुठल्या वाटेनं आईपर्यंत पोचत होती कोण जाणे. डिकीनं विचार केला, निवासात गेल्यावर आईला कोण हसवेल. मग तिनं तो विचार बाजूला ठेवला. प्रयोगशाळेत चुकीचं वजन बाजूला ठेवायची तिची एक पद्धत होती: उलटं करून, नजरेआड. तसं.

टाकीच्या चौकात रस्ता फुटत होता. उजवीकडे रुंद, नवा रस्ता आणि त्याच्या शेवटी निवास. डावीकडे जुना डोंगराचा रस्ता. तो कुठे जातो हे डिकीला नीट माहीत नव्हतं. रविवारी ती दोघं त्या रस्त्यानं जायची, आणि मावशीचं घर चौकाच्या अलीकडे होतं.

सिग्नल लाल होता. आईचा हात वर गेला आणि बोटं डावीकडे कलली.

डिकीनं स्टिअरिंग घट्ट धरलं. बाबांचं डोकं हललं नाही. मग छोट्या गाडीच्या मागचा डावा दिवा लुकलुकू लागला.

"बाबा, नाही," ती बंद काचेच्या आत म्हणाली.

हॉर्न वाजवावा म्हणून तिनं हात नेला आणि तो तिथेच राहिला. आई हात खाली घेत नव्हती. सांगितलेलं पोचलंय की नाही अशी शंका आल्यासारखी तिनं बोटं आणखी कलवली. दिवा लुकलुकत होता. आणि मग बाबांनी, सीटच्या पाठीवर हात टाकून, दुखरा खांदा वळवून, मागे पाहिलं.

त्यांनी गाडीत बसून मागे पाहिल्याचं डिकीला आठवत नव्हतं. फळीवर असताना ती त्यांच्या मानेशी बोलायची. आता घडी केलेल्या टपाच्या वरून, खालून वर, तिच्या काचेकडे ते बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर विनवणी असेल असं तिला वाटलं होतं. विनवणी नव्हती, रागही नव्हता. वाट बघत असलेला चालक होता तो. त्यांना कुणीतरी वाट सांगायला हवी होती. जिनं सांगायची तिनं सांगितली होती, आणि ती ऐकायची की नाही हे ठरवणं त्यांना येत नव्हतं. ते कधी त्यांचं काम नव्हतंच. म्हणून ते तिला विचारत होते.

डावं म्हणावं, असं तिला अगदी खरं वाटलं. हात नुसता डावीकडे कलवायचा. मग ती तिघंही डोंगरावर जातील, ती मागून का होईना, पण जाईल. रस्ता कसा आहे तो बघेल. आणि मग? मग पेट्रोल संपत येईल. आईला गार वारा बाधेल. खोली दुसऱ्या कुणाची होईल. संध्याकाळी न्हाणीघराची ओली फरशी तिथेच असेल आणि बाबांना आई उचलवणार नाही. तिनं हे सगळं एकामागून एक पाहिलं आणि एकातही तिला चूक सापडली नाही. चूक सापडली असती तर बरं झालं असतं.

सिग्नल हिरवा झाला. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, मग दुसऱ्यानं.

डिकीनं हात स्टिअरिंगवरून उचलला, डोक्याच्या वर नेला आणि बोटं उजवीकडे कलवली.

बाबांनी मान डोलावली. समोर वळले. डावा दिवा बंद झाला आणि उजवा लागला. छोटी गाडी उजवीकडे वळली तेव्हाही आईचा हात वरच होता, बोटं अजून डावीकडे. गाडी एका बाजूला आणि हात दुसऱ्या बाजूला. तशी ती बरंच अंतर गेली. मग हात हळूहळू खाली आला आणि दिसेनासा झाला. त्यानंतर निवासापर्यंत दोन वळणं होती. त्या दोन्ही वळणांवर आईचा हात वर आला नाही.

निवासाच्या फाटकात तरतरीत परिचारिका उभी होती. गाडी बघून ती खूश झाली. "आजोबा, काय झकास गाडी हो! आजींना रोज फिरवता वाटतं?"

"हो," बाबा म्हणाले.

आईला त्या खोल सीटमधून बाहेर काढायला बाबांची रीत होती. तिचे दोन्ही हात कोपरापाशी धरायचे, एकदा पुढेमागे झुलवायचं आणि दुसऱ्या झोक्याला उठवायचं. डिकीनं खुर्ची आणली, पण गरज पडली नाही. आई उठली, उभी राहिली, स्वेटर सारखा केला. बाबांनी तिच्या कपाळावर आलेले केस मागे सारले. तिनं सारू दिले. त्यांच्याकडे बघितलं मात्र नाही.

खोली चांगली होती. खिडकी होती, खिडकीबाहेर फाटक आणि गाड्या उभ्या करायची जागा. पलंगाला कठडे होते. भिंतीवर एक घड्याळ होतं आणि ते पुढे होतं. बाबांनी ते काढलं, मागची कळ फिरवून बरोबर लावलं, परत टांगलं आणि दोन पावलं मागे जाऊन ते सरळ आहे का ते पाहिलं. डिकी कपाटात कपडे लावत होती. आई पलंगाच्या कडेला पाहुण्यासारखी बसली होती.

"उशीर झाला का?" तिनं अचानक विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले. "वेळेत पोचलो."

"मग बरं."

ती आणखी काही बोलेल म्हणून दोघं थांबली. परिचारिकेनं चहा आणला तो आईनं निमूटपणे घेतला, आणि डिकीला बाजूला बोलावून परिचारिका म्हणाली की आता निघालात तर बरं. पहिल्या दिवशी जास्त थांबू नये.

बाहेर ऊन पडलं होतं. बाबा छोट्या गाडीपाशी जाऊन उभे राहिले. दुसऱ्या सीटवर आईचा रुमाल राहिला होता. त्यांनी तो उचलला, परत आत नेऊन देऊ का अशा विचारात फाटकाकडे पाहिलं, आणि मग खिशात घातला.

"बाबा, ही इथंच राहू द्या. माझ्याबरोबर चला. उद्या कुणालातरी पाठवून घरी आणू."

"इथं ठेवली आणि तिनं खिडकीतून पाहिली तर? तिला वाटेल मी आहे इथंच. वाट बघत बसेल."

"मग हळू चालवा. मी मागंच आहे."

"तू असतेसच मागं," बाबा म्हणाले. त्यांना काही टोचून बोलायचं नव्हतं. ते खाली वाकले, सीटमध्ये बसले, आणि दार ओढून घेतलं.

नव्या रस्त्यानं ते नीट गेले. टाकीच्या चौकात मात्र सिग्नल हिरवा असतानाच छोटी गाडी थांबली. डिकीला वाटलं बंद पडली. ती उतरणार तेवढ्यात बाबांनी सीटच्या पाठीवर हात टाकून मागे पाहिलं आणि तसेच बघत राहिले. मागचे लोक हॉर्न वाजवू लागले. एकानं काच खाली करून शिवी दिली. बाबा हलेनात. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. तिनं हात वर केला आणि बोटं डावीकडे कलवली. ते वळले.

पुलापाशी ते पुन्हा थांबले. मोठ्या दवाखान्यापाशी पुन्हा. याच रस्त्यांवर त्यांचं अख्खं आयुष्य गेलं होतं. कुठल्या खड्ड्यात पाणी साचतं तेही त्यांना पाठ होतं. तरी प्रत्येक फाट्यावर गाडी थांबायची, खांदा वळायचा, आणि ते वर तिच्या काचेकडे बघायचे. ती सांगायची. डावं. सरळ. डावं. तिचा दंड भरून आला होता आणि समोरचं धूसर दिसत होतं. एका ठिकाणी तिनं हात करायला उशीर केला, मुद्दाम, तुम्हाला माहितीये बाबा, जा ना, असं म्हणत. ते तोवर थांबले.

शेवटी त्यांची गल्ली आली. उजवीकडे वळलं की तिसरं घर. फाटक उघडंच राहिलं होतं, ते इथूनही दिसत होतं. बाबांनी गाडी थांबवली आणि मागे पाहिलं.

डिकीनं हात वर केला.